कार्यक्रम विद्यार्थ्यांचा, अभ्यासक्रम कोणाचा?

धंतोली म्हटले की नागपूरकराला आधी दवाखाने आठवतात. पण त्याच गल्ल्यांमध्ये चार्टर्ड अकाउंटंटांची कार्यालये आहेत आणि इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया या संस्थेच्या नागपूर शाखेचे आयसीएआय भवनही येथेच आहे. भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ अशा ठिकाणांहून आलेली मुले-मुली दिवसा एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करतात आणि उरलेल्या वेळात परीक्षेची तयारी करतात. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी एकमेकांना काय आणि कसे शिकवतात, याचा विचार करायला विदर्भात यापेक्षा योग्य जागा सापडणे कठीण.

विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या अभ्यासक्रमांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, ज्यांना अजून शिकायचे आहे ते काय शिकवणार? दुसरे मत तरुणांच्या उत्साहाचे कौतुक करून थांबते. दोन्ही मते मूळ प्रश्नाला बगल देतात. तो प्रश्न अधिकाराचा आहे. आपण विद्यार्थ्यांच्या हाती कार्यक्रम देतो, अभ्यासक्रम देत नाही. सभागृह ठरवणे, पाहुण्यांना आणणे, सूत्रसंचालन आणि आभार हे विद्यार्थ्यांचे काम. काय शिकायचे, कोणत्या क्रमाने, किती तास आणि त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे दुसऱ्या कोणाचे तरी काम. या वाटणीमुळे व्यापारविषयक विशेष शिक्षणाचे नुकसान होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रकारच्या अभ्यासक्रमांचे सर्वांत परिचित उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आहे. १९६४ च्या भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीनंतर तेथे विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने अभ्यासक्रम सुरू करण्याचे प्रयोग झाले. १९६८ मध्ये ब्लॅक पँथर नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांच्या व्याख्यानांच्या अभ्यासक्रमावरून विद्यापीठाचे रीजंट्स आणि विद्यार्थी यांच्यात मोठा संघर्षही झाला. पुढे १९८१ पासून ही व्यवस्था ‘डीकॅल’ या नावाने चालू आहे. तिची रचना पाहण्यासारखी आहे. विषय विद्यार्थी सुचवतो, तासांची आखणी विद्यार्थी करतो, वर्गही तोच घेतो. मात्र प्रत्येक अभ्यासक्रमामागे एक प्राध्यापक जबाबदार म्हणून नोंदलेला असतो, प्रस्तावाला विभागाची आणि विद्यापीठाच्या शैक्षणिक समितीची मान्यता लागते आणि निकालाची जबाबदारी प्राध्यापकावर राहते. निकालात गुण नसतात, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. श्रेयांक मात्र खरे असतात आणि पदवीसाठी मोजले जातात. गुंतवणूक, व्यवस्थापन सल्ला, ब्लॉकचेन असे विषय तेथे याच मार्गाने वर्गात आले.

हे सारे परदेशी थेर आहे असे वाटू नये म्हणून आपल्याच इतिहासातले एक उदाहरण पाहू. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या आधाराने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्यातले एक पुढारी होते. निबंधवाचनावर हे तरुण थांबले नाहीत. १८४९ पासून त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि तेथे आरंभी स्वतः शिकवले. सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखांनी देशी भाषांमधून ज्ञानप्रसाराचे काम हाती घेतले. प्राध्यापकाचा आधार, विद्यार्थ्यांचा अधिकार आणि ऐकणाऱ्याची भाषा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. धंतोलीत त्यांतले काय आहे आणि काय नाही, ते आता तपासू.

सीए विद्यार्थ्यांची ‘विकासा’ ही संघटना पश्चिम विभागात शाखाशाखांतून काम करते. परिषदा, अभ्यासमंडळाच्या बैठका, औद्योगिक भेटी, प्रश्नमंजूषा, वक्तृत्व स्पर्धा असे तिचे उपक्रम असतात. परिषदेत विद्यार्थी एखाद्या विषयावर निबंध तयार करून मंचावरून मांडतात आणि अनुभवी सीए सत्राचे अध्यक्षस्थान भूषवतात. ही उत्तम प्रथा आहे. पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. निबंध एकदा वाचला जातो, टाळ्या होतात, विषय तेथेच संपतो. पुढच्या आठवड्यात त्याच विषयाचा दुसरा तास नसतो. ऐकणाऱ्याला किती समजले हे तपासले जात नाही, त्यामुळे मांडणाऱ्याला स्वतःचे किती कच्चे आहे तेही कळत नाही. शिकवणे आणि सादर करणे यांतला फरक नेमका हाच आहे.

हा फरक वाणिज्यात इतका महत्त्वाचा का? कारण येथे विषय पाठ्यपुस्तकापेक्षा वेगाने बदलतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा जीएसटीआर-१, २ आणि ३ अशी विवरणपत्रांची साखळी योजलेली होती. ती पूर्णपणे कधी चाललीच नाही. तात्पुरते म्हणून आणलेले ३बी हे विवरणपत्र कायमचे होऊन बसले. पुस्तक एक सांगत होते, पोर्टल दुसरेच मागत होते. ते पोर्टल रोज उघडणारी मुले आर्टिकलशिपची होती. आयकर अधिनियम, २०२५ हाही असाच प्रसंग आहे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात ५३६ कलमे आहेत, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आहे आणि अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. जुना कायदा तोंडपाठ असलेल्या वरिष्ठाला नवे कलम शोधावे लागते, तसेच विद्यार्थ्यालाही. अशा वेळी गुरू आणि शिष्य यांच्यातले अंतर काही काळ कमी होते. विद्यार्थ्याने शिकवण्याची खरी संधी तीच.

दुसरे कारण भाषेचे आहे. नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. मराठीतून लिहिता येतो. सीएची परीक्षा इंग्रजीतून किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इनपुट टॅक्स क्रेडिट कळायला वेळ लागतो तो डोके कमी म्हणून नव्हे, दोन भाषांमधले भाषांतर तिला एकटीला करावे लागते म्हणून. प्रत्यक्षात हे भाषांतर तिची मैत्रीण टपरीवर चहा पिता पिता करून देते. “आपण माल घेतला तेव्हा कर भरला ना, तोच विकताना वजा करायचा.” एवढ्या एका वाक्यात अर्धे प्रकरण उलगडते. विदर्भातले कितीतरी अध्यापन असे नोंदीबाहेर चालते. त्याला ना तासिका, ना श्रेय, ना कोणाची दुरुस्ती.

दुरुस्तीचा मुद्दा गंभीर आहे, कारण विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यात धोकाही आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. अशा व्यक्तींमध्ये तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ‘शेअर बाजार शिका’ हा विषय विद्यार्थ्यांच्या हाती बिनदेखरेखीचा दिला तर काय शिकवले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. बर्कलेतही विषयांची फॅशन असते आणि वर्ग हे क्लबच्या सदस्यभरतीचे साधन होण्याची शक्यता असतेच. म्हणून प्राध्यापकाची सही ही औपचारिकता मानता येत नाही. चुकीचे शिकवले गेले तर उत्तर कोण देणार, हे त्या सहीने ठरते. पण सही करणाऱ्याने विषयही स्वतःच ठरवायला घेतला, तर विद्यार्थ्याचा अधिकार पुन्हा कार्यक्रमापुरता उरतो.

मग आपल्या कायद्यात जागा किती? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आदल्या वर्षी प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या चर्चेसाठी अभ्यासमंडळात निमंत्रित करण्याची तरतूद आहे, पण ती एका बैठकीपुरती. त्यातही निवड गुणवत्ता यादीवरून होते. उत्तम गुण मिळवणारा आणि उत्तम समजावून सांगणारा एकच असेल, असे कोणताही शिक्षक छातीठोकपणे सांगणार नाही. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत सहशैक्षणिक विषयांखाली एनसीसी, एनएसएस, क्रीडा, योग यांना श्रेयांक मिळतात. ते मिळावेतच. परंतु पंधरा तास वर्गासमोर उभे राहून आयकराचा नवा कायदा समजावून देणारी विद्यार्थिनी मैदानावर धावणाऱ्यापेक्षा कमी कष्ट करते, असे मानायला काय आधार आहे? सिद्धांताच्या पंधरा तासांना एक श्रेयांक, हे गणित विद्यापीठाला नवीन नाही.

सुरुवात लहान असावी. स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचे अभ्यासमंडळ असते. त्यांनी एका सत्रात एका श्रेयांकाचा, पंधरा तासांचा एकच विद्यार्थी-अभ्यासक्रम मान्य करावा. विषय आणि आखणी विद्यार्थ्यांची असावी, भाषा मराठी असावी, संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालतील. एक प्राध्यापक आणि जमल्यास धंतोलीतला एक व्यवसाय करणारा सीए यांनी प्रत्येक तासाची टिपणे आधी तपासावीत. निकाल उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच असावा. गुंतवणुकीचे विषय पहिल्या वर्षी टाळावेत. कर, लेखापरीक्षण, सहकारी पतसंस्थांचे हिशेब यांपासून आरंभ करावा. सत्र संपल्यावर तपासलेली टिपणे महाविद्यालयाने जपून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

एवढे करायला नवा कायदा लागत नाही. लागतो तो अभ्यासमंडळाचा एक ठराव. तो मांडायला पहिले महाविद्यालय कोणते पुढे येते, ते पाहायचे.