बारा तुकड्या, एक फासा

कवितेचे रसग्रहण होते, बंदिशीचे होते, एखाद्या देवळाच्या द्वारशाखेचेही होते. खेळाच्या नियमपुस्तिकेचे रसग्रहण करायला कोणी बसला, तर चारचौघे त्याला रिकामटेकडा म्हणतील, आणि ते फारसे चुकीचेही ठरणार नाहीत. तरीही फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी 1990 साली इंग्लंडमध्ये काढलेली ‘दे बेलिस अँटिक्विटाटिस’ ही चिमुकली पुस्तिका हाती आली, की मला तो मोह आवरत नाही. प्राचीन आणि मध्ययुगीन लढाया धातूच्या इवल्या सैनिकांनिशी पटावर खेळण्याचे हे नियम आहेत. खेळाडू त्याला नुसते ‘डीबीए’ म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये माणसे आपापले सैन्य एका डब्यात भरून आणतात, दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा पटावर मांडतात, आणि तासाभराच्या आत कोणाचे तरी साम्राज्य बुडते. इ.स.पू. 3000 पासून सुमारे इ.स. 1500 पर्यंतचा साडेचार हजार वर्षांचा पसारा त्या एवढ्याशा चौकोनात उतरवायचा, तर काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे हाच खरा प्रश्न होता. ते गाळणे ज्या नजाकतीने साधले आहे, तिचाच आस्वाद आपण घेऊ.

आधी सैनिक हातात घेऊ. टाचेपासून डोळ्यापर्यंत जेमतेम 15 मिलिमीटर. तर्जनीच्या एका पेराइतकाही नाही. पांढुरक्या धातूत ओतलेला हा भालाफेक्या कोरा असतो तेव्हा अगदीच केविलवाणा दिसतो. त्यावर अस्तराचा हात बसतो, मग अंगरख्याचा रंग, कातडीचा रंग, आणि मग येतो पातळ तपकिरी वॉश, जो आपण होऊन चुण्यांमध्ये, काखेत, शिरस्त्राणाच्या कडेखाली जाऊन साचतो आणि उंचवट्यांवरून ओसरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग वरवर फिरवला, की उंचवटे उजळतात आणि त्या ठोकळ्यात एकाएकी हाडे-स्नायू असल्याचा भास होतो. गंमत अशी, की या मापाच्या सैनिकाचे डोळे रंगवण्याच्या भानगडीत जाणते रंगारी सहसा पडत नाहीत. रंगवले, तर तो दचकलेल्या घुबडासारखा दिसतो. भुवईखाली वॉशची सावली तेवढी राहू दिली, की हातभर अंतरावरून तो माणूस आपल्याकडे रोखून पाहतो आहे असे वाटते. आपल्याकडे ज्याला व्यंजना म्हणतात, तिचा इतका स्वस्त आणि इतका बिनचूक प्रयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

असे दोन, तीन किंवा चार सैनिक 40 मिलिमीटर रुंदीच्या एका पट्टीवर चिकटवलेले असतात. पट्टीवर विरळ दोघेच उभे असतील तर ते गोफणदार-भालाफेके, दाटीने चौघे असतील तर ढाली भिडवून लढणारे पायदळ. संख्येवरूनच नव्हे, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेवरून आपण सैन्य ओळखतो. ही पट्टी म्हणजे एक तुकडी आणि अशा बारा तुकड्या म्हणजे एक सैन्य. इराणच्या शहेनशहालाही बारा, डोंगरातल्या कुठल्याशा टोळीप्रमुखालाही बाराच. लढणाऱ्यांची खरी शिरगणती किती, हा वाद इतिहासकारांनी घालत बसावा. पटावर दोघांचे माप एकच.

अंतराचे मापही असेच लोभस आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये पुस्तिका इंचांत बोलत नसे, पावलांत बोलत असे: या मापाच्या सैनिकांसाठी एक इंच म्हणजे शंभर पावले. जरा हिशेब केला तर ध्यानात येते, की या न्यायाने आपला भालाफेक्या एखाद्या टेकडीएवढा उंच झाला. पण हे आपल्याला खटकत नाही, खटकू नये. दिवाळीत अंगणात केलेल्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच बसतात आणि मावळा दरवाजात मावत नाही, म्हणून कोणी पोराने किल्ला मोडल्याचे ऐकिवात नाही. जमीन एका मापाची आणि माणूस दुसऱ्या मापाचा, हा करार मुलांना समजतो तसा या खेळाडूंनाही समजतो.

आता फासा. या पुस्तिकेचा प्राण इथे आहे, तेव्हा इथे जरा ऐसपैस बसू.

आपली पाळी आली की प्रथम एक साधा सहा अंगांचा फासा टाकायचा. जितके पडतील तितक्या आज्ञा आपल्याला देता येतात. खेळाडू त्यांना ‘पिप’ म्हणतात. एका पिपमध्ये एक तुकडी हलते, किंवा एकमेकींना बिलगून एका दिशेने तोंड करून उभ्या असलेल्या तुकड्यांची सबंध रांग हलते. नियम इतकाच. पण त्याच्या पोटात काय दडले आहे पाहा. लढाईच्या आरंभी बारा तुकड्यांची एक सलग रांग उभी आहे. फाशावर एक पडला तरी सारे सैन्य एका लयीत पुढे सरकते आणि सेनापती स्वतःवर खूश असतो. मग मध्ये एक झाडी येते, डावी बाजू रेंगाळते. कुठे एक तुकडी शत्रूला ढकलत पुढे जाते, कुठे एक धक्का खाऊन मागे सरते. रांगेचे दोन तुकडे होतात, दोनाचे पाच होतात, आणि कालपर्यंत एका आज्ञेत हलणाऱ्या सैन्याला आता पाच आज्ञा हव्या असतात. फाशावर पडतात दोन. उजवीकडचे भगदाड बुजवावे की डावीकडचे घोडदळ वाचवावे? दोन्ही दिसत असते, दोन्हीचा उपाय ठाऊक असतो, पण हात पोचत नाही. सेनापतीची इच्छा आणि सैनिकाचे पाऊल यांच्यामधला धुरळा, गोंगाट, वाटेत पडलेला निरोप्या, न ऐकू आलेले शिंग, यांतले एक अक्षरही पुस्तिकेत नाही. फाशावरचे दोन ठिपके तेवढे आहेत. लढाईचे वर्णन करणारी पुष्कळ जाडजूड पुस्तके मी वाचली आहेत. सेनापतीची ही असहायता इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेली मला आठवत नाही.

याआधीच्या खेळांनी हे वेगळ्या वाटांनी शोधले होते. प्रशियाच्या फौजेत 1824 साली राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने नकाशावर खेळायचा ‘क्रीगश्पील’ सिद्ध केला. त्यात फासेही होते आणि मध्ये बसलेला पंचही. एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ लिहिले तेव्हा त्याने तोफांच्या माऱ्यासाठी फाशाला दारातच उभे केले नाही. त्याची स्प्रिंगची खेळण्यातली तोफ लाकडी गोळा खरोखरच उडवी आणि जो सैनिक आडवा होई तो मेला. पोटावर पालथा पडून एक डोळा मिटून नेम धरणारा तो कादंबरीकार मला फार आवडतो. पण त्याच्या खेळात सेनापतीची प्रत्येक आज्ञा पाळली जाते, आणि तिथेच तो लहान मुलांचा खेळ राहतो.

दोन तुकड्या भिडल्या की हिशेब होतो, तोही सुंदर आहे. जुन्या आवृत्त्यांमधले एक उदाहरण घेऊ. तलवारबाज पायदळाशी लढताना पाच गुणांनी सुरुवात करतात, भालाईत चार गुणांनी. त्यात दोघे आपापल्या फाशाची भर घालतात. तलवारबाजाला सहा पडले: बेरीज 11. भालाइताला दोन: बेरीज सहा. हरला, पण सहा हे 11 च्या निम्म्याहून जास्त आहेत, म्हणून तो मरत नाही, धक्का खाऊन मागे सरतो आणि उद्याच्या आशेवर उभा राहतो. आता हीच लढत पुन्हा मांडा, एकच बदल करून. भालाइताच्या शेजारची तुकडी मघाशीच मागे हटली आहे आणि त्या मोकळ्या झालेल्या बाजूला शत्रूची दुसरी तुकडी डोकावते आहे. या उघड्या पडलेल्या बगलेचा एक गुण वजा होतो. बेरीज पाच. पाच हे 11 च्या निम्म्याहून कमी, आणि तुकडी पटावरून उचलली जाते. तलवारबाज तोच, फासे तेच, भालाईतही तितकाच शूर. शेजारी तेवढा नाही. ग्रीक नागरिक-सैनिकाची ढाल त्याच्या डाव्या हाताच्या सोबत्यालाही झाकत असे, हे आपण वाचलेले असते. ते एका वजाबाकीत असे अंगावर येते.

आणि हत्ती! पुस्तिकेतल्या हत्तीवर तर एखादे स्वतंत्र प्रकरण लिहावे. पहिली खेळी सोडली तर हत्तीला हलवायला एक पिप जास्त मोजावा लागतो. स्वारी सहजासहजी उठत नाही. चिलखती घोडेस्वार त्याच्याशी भिडून हरले तर मागे हटण्याची मुभा त्यांना नाही, ते थेट पटाबाहेर. तेच घोडेस्वार मोकळ्या मैदानात गोफणदार-भालाफेक्यांच्या विरळ तुकडीला गाठतात तेव्हा तिची तीच गत करतात. आणि ज्याच्या अंगावर चिलखत नाही, ज्याला सैन्यात कोणी विचारत नाही असा हा फाटका भालाफेक्या हत्तीला भिडून जिंकला, तर हत्ती संपतो. हत्ती घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार भालाफेक्याला, भालाफेक्या हत्तीला, असे हे वर्तुळ फिरत राहते.

हे केवळ खेळाची तोंडमिळवणी म्हणून बसवलेले नाही, हा त्यातला खरा आनंद. इ.स.पू. 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसाने मध्यभागी हत्ती उभे केले, तेव्हा अलेक्झांडरने आपले घोडदळ त्यांच्यासमोर नेलेच नाही. हत्तींच्या वासाने-आवाजाने घोडी बुजणार हे तो जाणून होता. हत्तींवर धावून गेले ते हलके पायदळ, भाले फेकत, माहुतांना टिपत. त्यांच्यापाशी पाय तोडायला कुऱ्हाडी आणि सोंडा छाटायला विळ्यासारखी हत्यारे होती असे इतिहासकार कर्टिअस सांगतो. कोंडीत सापडलेले हत्ती मग स्वकीय-परकीय न पाहता तुडवत सुटले, असे दुसरा इतिहासकार एरियन लिहितो. पुस्तिकेतही मागे हटणारा हत्ती वाटेत आपलीच तुकडी आली तरी तिला चिरडतो. इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या लढाईत रोमन सेनापती स्किपिओने शत्रूच्या हत्तींसाठी रांगांमधून वाटाच मोकळ्या सोडल्या होत्या. या साऱ्या ग्रंथांचा अर्क काढून तो दोन-तीन ओळींत, तोही कोरड्या हुकुमी भाषेत ठेवून दिलेला आहे. झामा माहीत नसलेला मुलगाही त्या ओळींनुसार खेळत गेला, तर दहाव्या डावाला आपणहून वाटा मोकळ्या सोडू लागतो.

भाषेबद्दल मात्र लेखकाला झुकते माप देता येणार नाही. बार्करची वाक्ये अपवादांवर अपवाद, अटींवर अटी रचत जातात. एक स्वल्पविराम नजरेतून सुटला तर अख्खी डावी फळी गारद होते. खेळाडूंनी त्या शैलीला ‘बार्करीज’ असे नावच पाडले आहे आणि तिचा अर्थ लावण्यावरून होणारे खल मीमांसकांना शोभतील असे असतात. स्पर्धेत हे जरा जास्तच होते. तिथे मिलिमीटरला भाव येतो, पट्टीचा कोपरा कुठे टेकतो यावर दोन पोक्त गृहस्थ ओणवे होऊन वाद घालतात. मला हा भाग फारसा रुचत नाही. पण सूत्रग्रंथ म्हटला की भाष्यकार आलेच.

आपल्या मंडळींना विचारावेसे वाटेल, की यात मराठे कुठे? नाहीत. कालमर्यादा 1500 च्या सुमारास संपते, त्यामुळे भालेराई आणि गनिमी कावा पटाबाहेर राहतात. देवगिरीच्या यादवांचे सैन्य मांडायचे तर ते मध्ययुगीन हिंदू राजांच्या यादीतून, हत्तींसकट मांडावे लागते. असईची 1803 ची लढाई तर इंग्रज खेळाडू आवडीने खेळतात, पण त्यासाठी नियमपुस्तके निराळी.

खुल्या स्पर्धांमध्ये कोण कोणासमोर उभा ठाकेल याचा नेम नसतो. इजिप्तच्या रामसेसचे रथ आणि इंग्लंडच्या हेन्रीचे धनुर्धारी यांच्यामध्ये अडीच हजारांहून अधिक वर्षे आहेत. इथे हिरव्या कापडाची एक वीत असते. काही इतिहासनिष्ठ मंडळींना हा भ्रष्टाचार वाटतो. मला त्यात एक खट्याळ काव्य दिसते. पण माझी खरी आवड जोडसैन्यांच्या स्पर्धांची, ज्यात इतिहासात खरोखर लढलेले शत्रूच समोरासमोर येतात. तिथली एक प्रथा रसिकाने मुद्दाम पाहावी अशी आहे: एक खेळाडू दोन्ही सैन्ये घेऊन येतो आणि त्यांपैकी आपले कोणते, हे दुसरा ठरवतो. म्हणजे ज्याने महिनोन्‌महिने अलेक्झांडरच्या अंगरक्षकांच्या झुली रंगवल्या, त्यांच्या शिरस्त्राणांना सोनेरी कड काढली, त्याच्याच वाट्याला पोरसाचे हत्ती येतात. पाहुणा प्रसन्न मुद्रेने ते देखणे घोडदळ आपल्याकडे ओढून घेतो. यजमान मुकाट्याने हत्ती मध्यभागी मांडतो, त्यांच्या दोन्ही बगलांना धनुर्धारी उभे करतो, फासा टाकतो, आणि आपण रंगवलेल्या त्या सोनेरी कडा पटाबाहेर कशा घालवायच्या याचा बेत अगदी मनापासून करू लागतो.