मुंबईंतील अन्नगृहें : एक परीक्षण

परगांवीं निघालेल्या मनुष्यास आप्तेष्ट जे अनेक उपदेश करितात, त्यांपैकीं 'अमक्या ठिकाणीं जेवल्याशिवाय परत येऊं नका' हा उपदेश अलीकडे फार ऐकूं येतो. मुंबईच्या बाबतींत तर अशा ठिकाणांच्या याद्याच तयार झालेल्या आहेत. कोणी दहा नांवें सांगतो, कोणी पंचवीस; आणि पाहुणा बिचारा क्षेत्रीं आलेल्या यात्रेकरूप्रमाणें एकेका नांवापुढें खूण करीत हिंडतो. या याद्यांतील पदार्थ बेचव असतात, असा आमचा आक्षेप नाहीं. त्यांत निवड असते पण परीक्षण नसतें, हा आमचा आक्षेप आहे. अमुक ठिकाणचा अमुक पदार्थ चांगला, एवढें सांगून यादी थांबते. तो प्रथम कोणासाठीं केला गेला, कोणत्या गरजेंतून तें अन्नगृह निघालें, आणि ती गरज तें आज भागवितें कीं नाहीं, हे प्रश्न ती विचारीत नाहीं. ग्रंथाचें परीक्षण करतांना जी शिस्त आपण पाळतों, ती ताटाच्या बाबतींत सोडून द्यावी असें आम्हांस वाटत नाहीं.

मुंबईंतील जुन्या अन्नगृहांविषयीं पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही, कीं तीं चैनीसाठीं निघालेलीं नाहींत. अडचणींतून निघालेलीं आहेत. गिरण्या, गोदी, रेल्वे व कचेऱ्या यांच्या ओढीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या शहरांत जो लोकसमूह लोटला, त्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. बायकामुलें कोंकणांत किंवा घाटावर ठेवून आलेल्या या माणसांस खोली मिळे ती दहाजणांच्या सामाईकींत, आणि तेथें स्वतःची चूल कोठून असणार? त्यांच्या पोटाची सोय हाच या शहराच्या अन्नव्यवसायाचा पाया होय. म्हणून येथील अन्नगृहास आम्ही एकच कसोटी लावूं इच्छितों: खिशांत थोडे पैसे असलेल्या, एकट्या, अनोळखी मनुष्यास तें कसें वागवितें?

या कसोटीस जुना इराणी पुरेपूर उतरतो. यझ्द, केरमान या प्रांतांतून आलेल्या इराण्यांनीं रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दुकानें मांडलीं. कोपऱ्याची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती यांच्या वांट्यास आली, असें सांगतात. कारण कोणतेंहि असो, दोन रस्त्यांकडे तोंड असलेलीं हीं दुकानें येणाऱ्याजाणाऱ्यास सहज दिसत आणि सहज आंत घेत. संगमरवरी मेजें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्यावर स्वतः मालक, असा थाट असे. ब्रुनमस्का व एक पेला चहा घेऊन वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या मनुष्यास कोणी उठवीत नसे. धोबी तलावाजवळचें १९०४ सालचें क्यानी आणि कंपनी हें दुकान या परंपरेचें आज दिसणारें उत्तम उदाहरण आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या मेरवानचे मावा केक खाण्यासाठीं मात्र सकाळीं लौकर जावें लागे.

परंतु इराण्याचें खरें कार्य चहापुरतें नव्हतें. त्या काळीं पुष्कळ हिंदु उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणांचें' हा शब्द अभिमानानें झळकत असे. तो शब्द स्वयंपाक्याची जात सांगे, तशीच गिऱ्हाइकाची मर्यादाहि सुचवी. इराण्याकडे जात विचारून चहा देण्याची रीत प्रायः नव्हती. पैसे असले म्हणजे खुर्ची मिळे. सार्वजनिक उपाहारगृहाचें दार जातीच्या कारणावरून कोणासहि बंद करतां येणार नाहीं, हें राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें १९५० सालीं सांगितलें, आणि १९५५ सालच्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानें अशी मनाई शिक्षेस पात्र ठरविली. कायद्यास जें शब्दांत मांडावें लागलें, तें या दुकानदारानें निव्वळ धंद्याच्या सोयीनें कांहीं अंशीं आधींच घडवून आणिलें होतें. त्याच्या खुर्च्यांचें कौतुक करणाऱ्यांनीं त्या खुर्च्यांवर कोण कोणाशेजारीं बसूं शकला, हेंहि पाहावें.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियाविषयीं थोडें वेगळें बोलावें लागतें. १९२३ सालीं निघालेलें हें उपाहारगृह प्रत्येक यादींत असतें, आणि तेथील बेरी पुलाव खरोखरच वाखाणण्यासारखा आहे. इराणांतील झरिश्क या बारीक आंबट फळांनीं भाताला जी चव येते, ती दुसऱ्या कशानें येणार नाहीं. परंतु हा पुलाव मेजवानीचा पदार्थ आहे. तेथें मेजवानीस जावें तसें जावें व तृप्त व्हावें. तेवढ्यानें इराणी हॉटेल म्हणजे काय तें कळलें, असें मात्र समजूं नये. अलीकडे जुन्या पाट्या व वांकविलेल्या खुर्च्या मांडून जीं नवीं 'इराणी' उपाहारगृहें निघत आहेत, त्यांच्याविषयीं तर आमचें मत प्रतिकूलच आहे. त्यांनीं इराण्याचें सामान उचललें, पण स्वस्त पेला आणि निवांत बैठक हें त्याचें सत्त्व मागें ठेविलें. खरे इराणी मात्र एकामागून एक बंद पडत आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या भाडेकरूंचीं भाडीं गोठलीं, त्या आधारावर स्वस्त चहा परवडत होता. इमारती पाडून नव्या उभ्या राहूं लागल्या आणि मुलेंबाळें दुसऱ्या व्यवसायांत शिरलीं, तसा तो आधार सुटला.

इराण्याकडून माटुंग्यास गेलें म्हणजे दुसरीच रीत दिसते. कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठीं आलेल्या दाक्षिणात्यांची येथें वसती झाली, आणि त्यांच्यामागून त्यांचें अन्न आलें. १९३९ चें राम आश्रय, १९४० चें कॅफे मद्रास आणि ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं काढलेलें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग हीं तिन्ही आजहि गजबजलेलीं असतात. यांपैकीं शेवटच्याच्या नांवांतील 'बोर्डिंग' हा शब्द त्याचें मूळ सांगतो: घरापासून दूर राहणाऱ्यास रोजचें जेवण देणें हा त्याचा उद्देश. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, दोन भाज्या व ताक, तेंहि पोटभर. अट एवढीच, कीं पानांत टाकूं नये. कांदालसणाविना स्वयंपाक करण्याची उडुपीच्या मठाची जी परंपरा, तिचा संयम या चवींत उतरलेला आहे. तिखटाचा भडिमार न करतां रसमाला जी धार आणिलेली असते, ती पाककलेंतील उच्च प्रतीची कामगिरी आहे असें आम्ही म्हणूं. उणीव म्हणाल तर एक: येथें रेंगाळतां येत नाहीं. मागें उभ्या असलेल्या मनुष्याची नजर आपल्या पानावर असते. इराणी थोड्या अन्नावर पुष्कळ वेळ देई. उडुपी थोड्या वेळांत पुष्कळ अन्न देतो. एकट्या मनुष्यास दोहोंचीहि गरज असे, म्हणूनच दोन्ही संस्था या शहरांत शेजारींशेजारीं वाढल्या.

मराठी उपाहारगृहांविषयीं लिहितांना आपलेपणामुळें लेखणी सैल पडण्याचा संभव आहे. तरी स्पष्ट बोलणें बरें. दादरचें प्रकाश आणि १९८६ सालीं निघालेलें आस्वाद यांचा लौकिक योग्यच आहे. प्रकाशचा साबूदाणा वडा व पीयूष यांस तोड नाहीं. आस्वादच्या मिसळीस २०१५ सालीं लंडनमध्यें जगांतील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून पारितोषिक मिळालें, तेव्हां आपल्याकडे पुष्कळांस आनंद झाला. मिसळ चांगली आहे, स्वच्छ आहे, सौम्य आहे. पण ती सौम्य आहे म्हणूनच हा विचार मनांत येतो, कीं कामकऱ्याच्या न्याहारीचा हा झणझणीत पदार्थ सुखवस्तु कुटुंबाच्या जिभेस मानवेल असा करून घेतल्यावरच जगापुढें गेला. शिवाय 'महाराष्ट्रीय' म्हणून या उपाहारगृहांत जें मिळतें, तें मुख्यतः एका वर्गाच्या घरांतील फराळाचें आहे. मत्स्याहारी पाहुण्यास दादरचें सिंधुदुर्ग किंवा वांद्र्याचें हायवे गोमंतक येथें कोंकण व गोवें भेटतें; खोताच्या वाडींतील अनंताश्रम मात्र आतां उरलें नाहीं. परंतु वऱ्हाडचें, मराठवाड्याचें, गांवकुसाबाहेरच्या घरांतलें अन्न शोधूं जातां या नामांकित पाट्यांखालीं क्वचितच सांपडतें. ज्या शहरास आपण महाराष्ट्राची राजधानी म्हणतों, तेथें महाराष्ट्राचें ताट एवढें अपुरें असावें, ही खेदाची गोष्ट आहे. उलट भेंडी बाजारांतील १९२३ सालचें नूर मोहम्मदी पाहा: रात्रभर मंद आंचेवर शिजणारी निहारी हा मूळ श्रमकऱ्याच्या सकाळचा आहार, आणि तेथें ती तशीच दांडगी राहिलेली आहे.

आणि सर्वांत मोठी संस्था तर कोणत्याहि यादींत नाहीं, कारण तिला पाटीच नव्हती. गिरणगांवांतील खाणावळ म्हणजे एखाद्या बाईची लहानशी खोली. महिन्याच्या बोलीवर दहावीस कामगार तेथें पाळीच्या वेळेप्रमाणें जेवत. पगार होईपर्यंत हिशेब थांबे, आणि तोंवर वाण्याचें व सावकाराचें देणें त्या बाईच्या शिरावर असे. प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांस संघटित केलें व बँकेचें कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या कचाट्यांतून सोडविलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या, आणि जेवणारेच गेल्यावर चुली विझल्या. त्या गिरण्यांच्या आवारांत आज झगमगीत उपाहारगृहें आहेत, आणि याद्या पाहुण्यास आवर्जून तेथें धाडतात. तेथील पाककौशल्य आम्ही नाकारीत नाहीं. पण जेथें हजारों माणसें राबत होतीं, तेथें आतां त्यांच्या नातवास एक वेळचें जेवण परवडूं नये, ही वस्तुस्थिति टीकाकारानें नोंदविलीच पाहिजे.

या शहरांतील खाण्याविषयीं जें उत्कृष्ट लेखन झालें आहे, त्यांत अरुण कोलटकरांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहाचा उल्लेख करावा लागेल. कवि वर्षानुवर्षें वेसाइड इन या उपाहारगृहांत बसत असे. परंतु त्यांतील न्याहारीची दीर्घ कविता आहे ती त्या मेजावरील न्याहारीची नव्हे, तर समोरच्या रस्त्यावर एक बाई पदपथावरील लोकांस इडल्या वाढते त्या प्रसंगाची. वेसाइड इन आतां नाहीं. आंत बसून बाहेर कोण जेवतो आहे हें पाहणारी ती दृष्टि मात्र आपणांस घेतां येण्याजोगी आहे.

तर मग सहकुटुंब मुंबईस येणाऱ्यानें काय करावें? सकाळ इराण्याकडे घालवावी, आणि घाई करूं नये. माटुंग्यास दुपारचें जेवण घ्यावें, पण रविवार टाळावा. संध्याकाळीं दादरला फराळ करावा. मांसाहार चालत असल्यास एक वेळ भेंडी बाजार व एक वेळ मासळी अवश्य राखून ठेवावी. मेजवानीसाठीं ब्रिटानिया आहेच. आणि जेथें जाल तेथें पदार्थाची चव घेतांघेतां शेजारच्या मेजाकडेहि पाहावें. तेथें एकटा बसलेला मनुष्य उद्यां, परवां आणि महिनाअखेरीसहि येथें येऊं शकेल काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर होकारार्थी आलें, तर त्या अन्नगृहाचें नांव यादींत नसलें तरी आपल्या वहींत लिहून ठेवावें, आणि पुढच्या खेपेस तें टिकून आहे कीं नाहीं याची चौकशी करावी.