कोरडे कुंड

न्यू यॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात युनिकॉर्नच्या पडद्यांपुढे आपली मंडळी रेंगाळतात. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावरून मात्र नुसती नजर फिरवून पुढे जातात. बाराव्या शतकात, आजच्या बेल्जियमच्या भागात घडवलेले हे कोरीव कुंड थांबून पाहावे असेच आहे. संग्रहालयाने ते जपलेही आहे उत्तम. तरी एक उणीव जाणवते : कुंड कोरडे आहे. हे कोरीवकाम तान्हे मूल घेऊन पाण्यावर वाकणाऱ्या माणसांसाठी होते; आपण ते हात मागे बांधून पाहतो.

फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमधले कुंडही परदेशातूनच आलेले. लंडनच्या ऑल हॅलोज चर्चमध्ये १६४४ साली विल्यम पेनचा बाप्तिस्मा त्यात झाला. १६९७ साली ते समुद्र ओलांडून इकडे आले. आजही त्यात बाप्तिस्मे होतात. कलाकृती म्हणून पहिले कुंड सरस असेलही, पण पुरे वाटते ते दुसरे. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आठवावी. १७३९च्या वसई-विजयाची खूण मानली जाणारी ती घंटा चर्चमधून देवळात आली, तरी घंटाच राहिली.

संग्रहालयाचा नाइलाज आहे. कुंडाचे गाव त्याला आणता येत नाही. आपल्या घरांचे तसे नाही. आजीची समई काचेच्या कपाटात लखलखीत राहते, हे खरे. पण मुलांना ती कळायची असेल, तर तिच्यात तेल-वात घालायला हवी.