चिनी अक्षरांतील रेघांचा क्रम

अक्षर पुरें झाल्यावर कोणती रेघ आधीं ओढली हें कोण पाहतो, असा आक्षेप चिनी लिपी शिकणारा नवशिका हटकून घेतो. तो सकृद्दर्शनीं बिनतोड वाटतो. परंतु टिकत नाहीं. वरून खालीं, डावीकडून उजवीकडे, बहुधा उभीच्या आधीं आडवी, हे नियम लिहिणाऱ्या हाताच्या सोयींतून निपजले आहेत. धांवत्या लिपींत कुंचला न उचलतां रेघा जोडल्या जातात. तेथें क्रम चुकला कीं आकार बदलतो व वाचणारा अडखळतो. क्रम हें अक्षराचें व्याकरणच होय.

तथापि व्याकरण म्हणजे वेद नव्हे. ‘उजवा’ या अर्थाचें अक्षर चीनमध्यें आडव्या रेघेनें, तर जपानांत तिरप्या रेघेनें सुरू होतें. चीननें १९९७ सालीं ७,००० अक्षरांचा क्रम ठरवून दिला. उलट जपानी शिक्षणखात्याच्या १९५८ च्या मार्गदर्शिकेनें इतर रूढ क्रमांस चूक म्हटलें नाहीं. दुसरी भूमिका आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

आज उच्चार टंकून अक्षर निवडणाऱ्या सुशिक्षित चिनी माणसाचा हात परिचित अक्षरापाशींहि थबकतो. म्हणून शिक्षकानें क्रम अवश्य शिकवावा. मात्र तो अक्षर हातांत मुरावें यासाठीं, गुण कापण्यासाठीं नव्हे.