खोक्यावर नसलेला आकडा

गणेशोत्सवापूर्वी काही आठवडे पुण्यात मुठेच्या काठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. काही शाळांचीही पथके आहेत; लेझीम आणि बँड तर कितीतरी शाळांत असतात. वाजवणाऱ्याला गर्दीत स्वतःचे वाजवणे नीट ऐकू येत नाही. तेव्हा सराव ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी मुलांना ऐकवावा, असे शिक्षकांना वाटणे साहजिक आहे. ताशाची काडी कोठे पुढे पळाली, ढोल कोठे मागे राहिला, हे त्यातून कळायला हवे. प्रत्यक्षात हाती येते ती एक सलग खरखर. मग नवा माइक घेतला जातो, शाळेच्या तुटपुंज्या निधीतले दोन-चार हजार रुपये जातात, आणि खरखर तशीच राहते.

आमच्या मते या फसगतीचे मूळ माइकच्या खोक्यावरील माहितीत आहे. त्या माहितीचेच येथे परीक्षण करू.

खोक्यावर सर्वांत ठळक असते ती वारंवारतेची मर्यादा: ‘५० ते १६,००० हर्ट्झ’. हा आकडा एकटा असेल तर त्याला काही अर्थ नाही. १६,००० हर्ट्झला माइकचा प्रतिसाद किती घसरतो, तीन डेसिबल की वीस, हे सांगितल्याशिवाय ती मर्यादा म्हणजे नुसती शोभा. सोबत आलेख असेल तरच तो पाहावा. शूअर कंपनीचा १९६५ सालचा एसएम ५७ हा माइक कागदावर ४० ते १५,००० हर्ट्झचाच आहे. तरीही जगभर ड्रम ध्वनिमुद्रित करताना तो आजही वापरला जातो.

दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा. हा मोठा असेल तितका माइक चांगला, असे दुकानदार सांगतो आणि आपणही मानतो. कुजबुज टिपायची असेल तर ते खरे आहे. ढोलासमोर ते उलटे पडते. थोडे गणित करू. ९४ डेसिबल म्हणजे एक पास्कल दाब, आणि दर वीस डेसिबलला दाब दहापट होतो. समजा, माइकपाशी आवाज ११४ डेसिबल आहे. म्हणजे दाब दहा पास्कल. एसएम ५७ एका पास्कलला सुमारे १.६ मिलिव्होल्ट देतो, म्हणून येथे १६ मिलिव्होल्ट मिळतील. स्टुडिओतला एखादा कंडेन्सर माइक एका पास्कलला २५ मिलिव्होल्ट देतो. त्याचे २५० मिलिव्होल्ट होतील. शिवाय ही झाली सरासरी. काडीच्या प्रत्येक आघाताचे क्षणिक शिखर सरासरीच्या पाच-दहा पट असू शकते. म्हणजे कंडेन्सरमधून एक-दोन व्होल्टचे शिखर निघणार, आणि ते जाणार अशा स्वस्त रेकॉर्डरमध्ये, ज्याची माइकची जोडणी काही मिलिव्होल्टसाठी बनवलेली आहे. तेथे लहरीचे माथे छाटले जातात. आपल्याला ऐकू येणारी खरखर ती हीच.

येथे एक खूण सांगण्यासारखी आहे. रेकॉर्डरची आवाजपट्टी कमी करूनही खरखर जात नसेल, तर ते ध्वनिमुद्रण संगणकावर उघडून लहरीचा आकार मोठा करून पाहावा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम त्याला पुरतो. माथे सपाट आहेत, पण ते पट्टीच्या कमाल मर्यादेच्या बरेच खाली आहेत, असे दिसले तर छाटणी पट्टीच्या आधीच झालेली आहे: माइकच्या आत, किंवा रेकॉर्डरच्या पहिल्या टप्प्यात. मग पट्टी कितीही खाली आणली तरी छाटलेले माथे परत येत नाहीत. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा. ‘विरूपण’ हा शब्द त्यांना डोळ्यांनी दिसेल.

आता तिसरा आकडा, जो आपल्याला सर्वांत आधी हवा असतो: माइक विरूपणाशिवाय जास्तीत जास्त किती डेसिबल सोसतो. स्वस्त माइकच्या खोक्यावर हाच बहुधा नसतो. जेथे असतो तेथेही सावध राहावे. कोणी अर्धा टक्का विरूपणाला मर्यादा मानतो, कोणी तीन टक्क्यांना. टक्का सांगितल्याशिवाय दोन माइकची तुलना होऊ शकत नाही. ‘व्यावसायिक दर्जा’ हे शब्द मात्र सगळ्यांना परवडतात!

हा आकडा नसेल तर माइकची जात पाहावी. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते; फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन, एवढेच त्यात आहे. आत ट्रान्झिस्टर नाही, म्हणून छाटणारेही कोणी नाही. सभा-समारंभांतला साधा डायनॅमिक माइक हजार-दोन हजार रुपयांत मिळतो आणि ताशासमोर न डगमगता उभा राहतो. त्याची उणीव वेगळी आहे. असे माइक बहुधा गायक-वक्त्यांसाठी बनवलेले असतात. ते ओठांजवळ धरले की खर्ज फुगतो, म्हणून त्यांचा खर्ज मुद्दाम उतरता ठेवतात. दूर ठेवून ढोल टिपला की तो पोकळ वाटतो. ताशा नेमका, ढोल हडकुळा, असे ते ध्वनिमुद्रण होते. लय तपासायला ते पुरते. ढोलाची घुमार जपून ठेवायला पुरत नाही.

त्यासाठी आम्ही एक आणखी स्वस्त वस्तू सुचवू: दहा-वीस रुपयांची इलेक्ट्रेट कॅप्सूल. सेसलर आणि वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये विकसित केलेल्या माइकची ही वंशज. ती सर्व दिशांनी ऐकते आणि दूरवरूनही खर्ज सोडत नाही. आत ट्रान्झिस्टर असल्याने ती मोठ्या आवाजाला लवकर दबते; पण दीड व्होल्टच्या सेलऐवजी नऊ व्होल्टची बॅटरी दिली तर बरीच उसंत मिळते. बहुतेक कॅप्सूल दहा व्होल्टपर्यंत चालतात; आपली चालते ना, हे पत्रकात पाहून घ्यावे.

आणि अंतर वाढवावे, त्याला पैसे पडत नाहीत. मोकळ्या जागेत छोट्या ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल कमी होतात. एका मीटरवरून चार मीटरवर गेलो की बारा. बंद सभागृहात भिंतींच्या प्रतिध्वनीमुळे हा फायदा लवकर संपतो, म्हणून सराव शक्यतो मैदानात मुद्रित करावा. नदीकाठी वारा असेल तर माइकवर स्पंजची टोपी हवीच.

मोबाइल फोनचे काय, असे शिक्षक हमखास विचारतात. त्याचा माइक वाईट नसतो. नडते ती आवाज आपोआप कमीजास्त करणारी व्यवस्था. ढोलाचा जोरकस ठोका पडला की ती सगळाच आवाज खाली ओढते, आणि त्यामागून येणारा ताशा दबून जातो. ताशेवाल्याचा हात कमजोर पडला, असा चुकीचा निष्कर्ष त्यावरून निघू शकतो, आणि मग बोलणी खातो तो मुलगा. ही व्यवस्था बंद करू देणारी ध्वनिमुद्रणाची अॅप्स मिळतात. तसे अॅप घेऊन फोन पाच-सहा मीटरवर ठेवावा आणि दोन मिनिटांची चाचणी करून लहरीचे माथे पाहावेत. ते गोल असतील, तर यंदा नवा माइक घ्यायची गरज नाही.