पोर्टस्मथची चंद्रकोर

एखाद्या नगराच्या मुद्रेवर टीकालेख लिहावयाचा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. मुद्रा ही पाहून सोडून द्यावयाची वस्तू. काव्याप्रमाणे तिचे परीक्षण ते काय करावयाचे? परंतु आमच्या मते थोडक्या आकृतींत पुष्कळ आशय साठविण्याची प्रतिज्ञा करणारी कोणतीही रचना टीकेला पात्र आहे. अशा रचनेस दोन प्रश्न विचारता येतात. ती जे सांगते ते खरे आहे काय? आणि ते ती दुरून, एका दृष्टिक्षेपात सांगू शकते काय? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ या आरमारी शहराच्या चिन्हांना हे दोन प्रश्न विचारण्याचे आम्ही योजिले आहे. त्या चिन्हांतील एका ओळीचा आम्हां हिंदी लोकांशी साक्षात् संबंध आहे, आणि तो आमच्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

पोर्टस्मथच्या ढालीवर निळ्या क्षेत्रात सोनेरी चंद्रकोर व तिच्यावर अष्टकोनी तारा आहे. तेवढेच. ही कोर व हा तारा तेथील फुटबॉल संघाच्या बिल्ल्यावरही आहेत, म्हणजे नगरशाळेतील पोरासही ते ओळखीचे. यांची उपपत्ती अशी सांगतात की, सिंहहृदयी म्हणून प्रसिद्ध असलेल्या पहिल्या रिचर्ड राजाने 1191 साली धर्मयुद्धास जाताना सायप्रस बेट आयझॅक कॉम्नेनस याजपासून जिंकले, तेथून हे चिन्ह उचलले, आणि 1194 साली पोर्टस्मथला सनद देताना ते त्या नगरास बहाल केले. कथा सुरस आहे, आणि रिचर्डच्या राजमुद्रेवर चंद्रकोर व तारा आढळतात हेही खरे. पण बाराव्या शतकात नगरांना विधिपूर्वक चिन्हे बहाल करण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. तेव्हा सनदेबरोबर चिन्हही मिळाले, हा कथेचा भाग भाटांच्या वंशावळीइतपतच विश्वासार्ह समजावा. राजाच्या मुद्रेवरील आकृती नगराने आपल्या अभिमानापोटी कालांतराने स्वीकारली असावी, एवढे अनुमान पुरेसे आहे.

कोर व तारा पाहताच आज पुष्कळांस इस्लामी राष्ट्रांच्या ध्वजांची आठवण होते, व इंग्रजी नगराने हे चिन्ह कसे धारण केले, असे कोडे पडते. पण हे कोडे खोटे आहे. ही जोडी बायझँटियमच्या प्राचीन नाण्यांवर इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके होती. तुर्कांच्या ध्वजामुळे तिला मिळालेला अर्थ फार पुढचा. आमच्या कोकणात शिलाहारांच्या दानशिलांवर माथ्याशी चंद्र-सूर्य कोरलेले असतात, आणि चंद्र-सूर्य असेतोवर हे दान अबाधित राहो असा त्यांचा अर्थ असतो. आकाशातील ज्योती कोणा एका धर्माच्या वा राज्याच्या मालकीच्या नाहीत. ज्याला चिरस्थायित्व हवे त्याने त्यांना साक्षीस बोलवावे, हा मनुष्यजातीचा जुना प्रघात आहे. या दृष्टीने पाहता पोर्टस्मथची ढाल निर्दोष आहे. तारा पाहून गलबते हाकणाऱ्या गावाने तारा धारण केला, यात असत्य काही नाही. आणि निळ्यावरील सोने कोसावरून दिसते.

पण 1926 साली पोर्टस्मथला 'सिटी'चा दर्जा मिळाला, आणि 1929 साली नगरसभेने ढालीखाली एक बोधवाक्य जोडले. 'स्वर्गीय प्रकाश हाच आमचा मार्गदर्शक' असा त्याचा अर्थ. वरील तारा व चंद्र यांच्याशी हे वाक्य इतके सहज जुळते की, ते मुळापासून तेथेच असावे असा भ्रम होतो. वस्तुतः ते उसने आणलेले आहे. ते 'स्टार ऑफ इंडिया' या पदवीचे बोधवाक्य होय. 1857 चा उठाव मोडल्यावर व 1858 साली कंपनीचे राज्य राणीकडे गेल्यावर, हिंदुस्थानातील संस्थानिकांस राजनिष्ठेच्या सूत्रात ओवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीने 1861 साली ही पदवी स्थापिली. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत शिंदे, होळकर व गायकवाड होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

ही पदवी पोर्टस्मथपर्यंत पोहोचली ती जहाजांवरून. गोऱ्या पलटणींची हिंदुस्थानात ने-आण करण्यासाठी 1866 च्या सुमारास पाच मोठ्या नौका बांधल्या गेल्या: क्रोकोडाइल, युफ्रेटीस, जमना, मलबार आणि सेरॅपिस. या पांढऱ्या नौकांवर 'स्टार ऑफ इंडिया'चे चिन्ह होते. त्यांचे एक टोक पोर्टस्मथ, तर दुसरे आमची मुंबई. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला तेव्हा हा मार्ग अखंड झाला. 1875 साली इंग्लंडचा युवराज मुंबईस उतरला तो यांपैकीच सेरॅपिस नौकेवरून. त्या नौकांची स्मृती म्हणून नगरसभेने हे वाक्य आपलेसे केले.

येथेच आमच्या टीकेचे मर्म आहे. 'आमचा मार्गदर्शक' यातील 'आमचा' म्हणजे कोणाचा? पदवीवर हे वाक्य कोरले गेले तेव्हा त्या 'आम्ही'मध्ये राणी, तिचे अधिकारी व मांडलिक राजे येत होते. जहाजांवर त्याचा अर्थ पालटला: तेथे 'आम्ही' म्हणजे बंदुका घेऊन पूर्वेस निघालेल्या पलटणी. आणि गोऱ्या फौजेच्या खर्चाचा केवढा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडतो, हे तर दादाभाई नवरोजी जन्मभर सांगत होते. नगराच्या ढालीखाली येताच या दोन्ही अर्थांवर पडदा पडला आणि उरली ती केवळ एक भाविक ओळ. स्वर्गीय प्रकाशाचा पत्ता स्वर्गाकडे दाखविला गेला. तो वाटेत मुंबई बंदरावरून गेला होता, हे लोपले. चिन्हही हे लपवू शकत नाही: पदवीचा तारा पंचकोनी होता, तर पोर्टस्मथचा अष्टकोनी आहे. एका ताऱ्याचे वाक्य दुसऱ्या ताऱ्याखाली बसविले, त्याचा सांधा डोळसपणे पाहणाऱ्यास दिसतो.

1970 साली या मुद्रेत आणखी भर पडली. राजचिन्हातील सिंह व एकशृंगी अश्व घेऊन त्यांना माशांची शेपटे लाविली, नाविक मुकुट आला, आणि ट्यूडर काळी बंदराच्या तोंडाशी शत्रूस अडविण्यासाठी जो अडसर टाकीत त्याची आकृतीही आली. यातील प्रत्येक वस्तूस इतिहासाचा आधार आहे. पण सर्व मिळून आमच्या दुसऱ्या कसोटीस उतरत नाहीत. उत्तरकालीन टीकाकारांनी सुंदर श्लोकाला भाष्यावर भाष्य जोडावे, तसे हे झाले. जुनी ढाल तेवढी ध्यानात राहते.

चिन्ह किती थोडक्यात बोलू शकते, याचा धडा त्याच बंदरात उभा आहे. नेल्सनची 'व्हिक्टरी' नौका 1922 पासून पोर्टस्मथच्या गोदीत आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गारच्या लढाईपूर्वी, प्रत्येकाने आपले कर्तव्य करावे ही इंग्लंडची अपेक्षा आहे, असा संदेश नेल्सनने निशाणांनी दिला. त्याच्या मनात 'विश्वास आहे' असा शब्द होता. परंतु पॉफमच्या संकेतकोशात तो नसल्याने संकेताधिकारी पास्को याने 'अपेक्षा आहे' हा कोशातील शब्द सुचविला. एकंदर बारा वेळा निशाणे चढली: आठ शब्दांसाठी आठदा, आणि 'कर्तव्य' या शब्दाची इंग्रजी अक्षरे एकेक करून चारदा, कारण तोही शब्द कोशात नव्हता! साधनाच्या मर्यादेने आशय घडतो, आणि कित्येकदा तो सुधारतोही, याहून चांगले उदाहरण अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतही मिळणार नाही.

निशाणाची ही भाषा एकाच धन्याची राहत नाही. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईस 'तलवार' या ठाण्यावर हिंदी नौसैनिकांनी बंड केले. 'तलवार' ही संकेतविद्येची शाळा होती, म्हणजे निशाणे वाचावयास शिकलेल्यांनीच ते आरंभिले. बंड पसरताच जहाजांवरील ब्रिटिश आरमाराचा पांढरा ध्वज उतरला आणि काँग्रेस, लीग व कम्युनिस्ट यांची निशाणे त्या जागी एकत्र चढली. संकेतकोशात नसलेला शब्द त्यांनीही अक्षरे जुळवून लिहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग पोर्टस्मथने ते वाक्य पुसून टाकावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पुसल्याने लपविणेच होते. त्या पदवीवर 1948 नंतर नवी नेमणूक झाली नाही. व्हाइसरॉयच्या ध्वजावरील तिचा तारा व्हाइसरॉयबरोबरच गेला. असे असता एका इंग्रजी नगराच्या पायथ्याशी ती ओळ टिकून आहे, आणि या नगराची भरभराट कोणत्या वाटेने झाली याची साक्ष नकळत देत आहे. साक्षीदाराचे तोंड बंद करू नये. त्यास नीट प्रश्न विचारावेत.

आणि तेच प्रश्न आपणांसही विचारावेत. आमच्या नौदलाच्या ध्वजावरील तांबडा क्रूस 2001 साली काढला. परंतु नवे निळे चिन्ह समुद्र व आकाश यांच्या निळाईत ओळखू येईना, म्हणून 2004 साली क्रूस पुन्हा आला. दुसऱ्या कसोटीची उपेक्षा केल्याचे हे फळ. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीन येथे तो पुन्हा गेला व शिवछत्रपतींच्या अष्टकोनी मुद्रेवरून घेतलेली आकृती आली. ही निवड आम्हांस आनंददायक वाटते. त्या मुद्रेवरील लेखातही प्रतिपदेच्या चंद्रकोरीचीच उपमा आहे, हा योगायोग मनोरम आहे. आमच्या नौदलाचे बोधवाक्य वरुणाने कल्याण करावे अशी प्रार्थना करते; प्रकाश आमच्याच बाजूस आहे असा दावा ते करीत नाही. प्रार्थना आणि दावा यांतील हे अंतर जोवर आम्ही राखू, तोवर आमच्या निशाणावर अशी टीका लिहिण्याची पाळी दुसऱ्या कोणा देशाच्या टीकाकारावर येणार नाही.