नियमपुस्तक विकून झाल्यावर

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाचे पुस्तक हा प्रकाशन व्यवसायातला मोठा अडचणीचा माल आहे. चार-पाच जणांच्या कंपूत एक जण सूत्रधार होतो. तो जग उभे करतो, संकटे आणतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि निकाल अवघड झाला की फासे टाकतात. एवढ्यासाठी साऱ्या कंपूला एक नियमपुस्तक पुरते आणि ते शिवण उसवेपर्यंत चालते. कादंबरी वाचून संपली की वाचक पुढची मागतो. नियमपुस्तक संपतच नाही. त्यात अमेरिकी कायद्यात कॉपीराइट मिळतो तो नियम मांडणाऱ्या शब्दांना आणि चित्रांना. खेळण्याच्या रीतीला तो मिळत नाही. एकाने रचलेला खेळ दुसरा आपल्या शब्दांत लिहून विकू शकतो. गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रातल्या प्रकाशकांची सारी धडपड या दोन अडचणींशी चालली आहे. ही पुस्तके लिहिण्याची आणि मांडण्याची कलाही त्याच धडपडीत घडली आणि काही वेळा बिघडली.

या प्रकारचा पहिला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, टीएसआर ही प्रकाशनसंस्था. लाकडी पोताचा कागद लावलेले एक खोके, आत तीन बारक्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. नियम अपुरे होते. लढाईसाठी ‘चेनमेल’ हा १९७१ चा जुना युद्धखेळ खेळणाऱ्याकडे असेल असे गृहीत धरले होते आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरे नव्हती. धंद्याचा पहिला धडा याच उणिवेतून मिळाला. अडलेल्या खेळाडूंसाठी १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ आणि ‘ब्लॅकमूर’ या पुरवण्या निघाल्या, १९७६ पासून ‘द ड्रॅगन’ मासिक सुरू झाले. खेळ एकदाच विकला जात होता, पण त्यातल्या मोकळ्या जागा भरण्याचे काम वर्षानुवर्षे विकता येत होते.

१९७७ ते १९७९ या काळात ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची पुठ्ठाबांधणीची तीन पुस्तके आली: राक्षसांचे, खेळाडूंचे आणि सूत्रधाराचे. ही त्रिदळ रचना आजही टिकून आहे आणि तिचे गणित साधे आहे. खेळाडूंचे पुस्तक कंपूतल्या प्रत्येकाने घ्यावे, उरलेली दोन एकट्या सूत्रधाराने. पण साहसकथा, नकाशे, राक्षस, नवी जगे असे ज्यात लेखकाचे खरे कौशल्य लागते ते सगळे त्या एकट्या गिऱ्हाइकासाठीच असते. म्हणजे सर्वांत कष्टाच्या पुस्तकाला सर्वांत लहान बाजार. सूत्रधाराच्या पुस्तकात खेळाडूंना हवीशी वाटणारी चार-दोन प्रकरणे घालण्याची सवय इथूनच लागली. पुढच्या काळातल्या ‘झॅनाथर्स गाइड’ (२०१७) किंवा ‘टाशाज कॉल्ड्रन’ (२०२०) या पुस्तकांची सरमिसळ बांधणी याच हिशेबातून आलेली आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून टीएसआरने दुसरी वाट धरली: जगामागून जग. ड्रॅगनलान्स, फरगॉटन रेल्म्स, स्पेलजॅमर, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट. कलेच्या बाजूने पाहिले तर हा काळ वैभवाचा होता. डार्क सनचे करपलेले वाळवंट आणि ब्रोमची चित्रे, प्लेनस्केपमधली टोनी डिटर्लिझीची रेखाटने आणि तिथली खास बोली यांच्या तोडीचे काम नंतरही फार थोडे झाले. पण डार्क सन खेळणारा कंपू रेव्हनलॉफ्टचे पुस्तक घेत नसे. गिऱ्हाईक तेवढेच राहिले आणि प्रत्येक मालिकेच्या वाट्याला त्याचा एक तुकडा आला. पुस्तकांच्या दुकानांत माल रँडम हाउस पोचवत असे आणि न खपलेला माल परत येत असे. १९९६-९७ मध्ये हा परतीचा माल अंगावर आला, छपाईची बिले थकली, छपाई थांबली. १९९७ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळावर मोठी झालेली विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी टीएसआर विकत घेऊन मोकळी झाली, १९९९ मध्ये ती स्वतः हॅस्ब्रोच्या मालकीची झाली.

अमेरिकेत हे चालू असताना जपानमध्ये याच खेळाला वेगळे रूप मिळाले होते. ‘कॉम्प्टीक’ मासिकाने १९८६ पासून ग्रुप एसएनई या गटाच्या मंडळींनी प्रत्यक्ष खेळलेल्या डावाचे शब्दांकन छापायला घेतले. त्याची मांडणी नाटकाच्या संहितेसारखी होती: कोण काय बोलला, फाशावर काय पडले, पुढे काय झाले. यातूनच ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ या कादंबऱ्या निघाल्या. १९८९ मध्ये त्याच गटाचा ‘सोर्ड वर्ल्ड’ हा खेळ निघाला तो खिशात मावणाऱ्या स्वस्त बुंको आकारात, कादंबऱ्यांच्याच फळीवर ठेवता येईल असा. जाडजूड चकचकीत ग्रंथाऐवजी शाळकरी मुलाला परवडेल असे पुस्तक, आणि न खेळणाऱ्यालाही वाचावेसे वाटेल असे डावांचे वृत्तान्त. अमेरिकी प्रकाशकांना जी गोष्ट २०१५ नंतर ‘क्रिटिकल रोल’सारख्या कार्यक्रमांमुळे उमगली, की दुसऱ्याचा डाव पाहण्यात गोडी असते आणि त्या गोडीतून नवे खेळाडू मिळतात, ती जपानी संपादकांनी तीस वर्षे आधी ओळखली होती. या व्यवसायातली ही सर्वांत सुजाण चाल म्हणावी लागेल.

विझर्ड्सने २००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती काढली आणि तिच्याबरोबर ओपन गेम लायसन्स हा खुला परवाना दिला. विझर्ड्समधल्या रायन डॅन्सी यांची त्यामागची मांडणी अशी होती की ज्या खेळाला सर्वाधिक खेळाडू, त्याच खेळाला नवा खेळाडूही येतो. तेव्हा इतरांनी याच नियमांवर साहसकथा लिहाव्यात आणि प्रत्येक साहसकथेने मूळ पुस्तकाचे गिऱ्हाईक वाढवावे. ‘डी-ट्वेंटी’ हे बोधचिन्ह वापरायचे तर पात्र घडवण्याचे नियम आपल्या पुस्तकात छापता येत नसत; त्यासाठी विझर्ड्सचे ‘प्लेयर्स हँडबुक’ घ्यावेच लागे. ज्या कामात नफा कमी ते इतरांकडे सोपवून, जे पुस्तक कंपूतला प्रत्येक जण घेतो ते आपल्याकडे ठेवण्याची ही योजना होती. पुस्तकांचा पूर आला आणि त्यात गाळ फार होता. २००३ मध्ये सुधारित ३.५ आवृत्ती निघताच दुकानांतला जुना माल पडून राहिला आणि बऱ्याच छोट्या प्रकाशकांनी गाशा गुंडाळला.

परवाना मात्र कायमचा म्हणून दिलेला होता, आणि याचा हिशेब २००८ मध्ये चुकता झाला. चौथ्या आवृत्तीला विझर्ड्सने तो खुला परवाना लावला नाही. तोवर ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही मासिके चालवणाऱ्या पायझोच्या हातून २००७ मध्ये ती मासिके गेली होती. वर्गणीदार टिकवण्यासाठी पायझोने दरमहा ९६ पानांचा एक भाग, सहा भागांत एक मोठी साहसकथा अशी मालिका सुरू केली, आणि २००९ मध्ये जुन्याच नियमांवर ‘पाथफाइंडर’ उभा केला. अमेरिकी खेळ-दुकानांच्या विक्रीत तो काही काळ पहिल्या क्रमांकावर होता. दरमहा येणाऱ्या या भागांनी पायझोला स्थिर उत्पन्न दिले, पण लेखनावर त्याची छाया पडली. बरेच भाग सोफ्यावर बसून सलग वाचण्यासाठी लिहिल्यासारखे आहेत. खलनायकाच्या बालपणाला अर्धे पान मिळते, आणि खेळाडू दार उघडतात तेव्हा खोलीत कोण आहे हे सूत्रधाराला तिसऱ्या परिच्छेदात शोधावे लागते. पुस्तक विकत घेणारे सगळेच ते खेळत नाहीत हे प्रकाशकाला ठाऊक असले, की पुस्तक वाचकाकडे झुकते.

पाचव्या आवृत्तीने (२०१४) जुन्या चुका बऱ्याच सुधारल्या. प्राथमिक नियम फुकट दिले, सुरुवातीचा संच २० डॉलरला ठेवला आणि वर्षाला मोजकीच मोठी पुस्तके काढली. एकेका पुस्तकाभोवती साऱ्या खेळाडूंचे लक्ष महिनोन्‌महिने राहू लागले. २०१६ मध्ये नियम पुन्हा खुले झाले आणि ‘डीएम्स गिल्ड’ या विक्रीच्या संकेतस्थळावर हौशी लेखकांना विझर्ड्सची जगे वापरून लिहिता येऊ लागले, विक्रीतला निम्मा वाटा लेखकाचा. २०२२ मध्ये हॅस्ब्रोने ‘डी अँड डी बियाँड’ ही डिजिटल सेवा १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतली. मग जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या वार्षिक उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागणारा आणि जुना परवाना मोडीत काढणारा हा मसुदा वीस वर्षे सोबत चाललेल्या लेखकांच्या पोटावर पाय देणारा होता. वर्गणीदार भराभर सेवा सोडू लागले. पायझोने त्या दिवसांत जाहीर केले की त्यांचा आठ महिन्यांसाठी धरलेला नियमपुस्तकांचा साठा दोन आठवड्यांत संपला. २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचे खुले केले.

मधल्या काळात पैसा उभा करण्याची रीतही बदलली. वितरकामार्फत विकलेल्या पुस्तकामागे प्रकाशकाच्या हाती छापील किमतीच्या साधारण ४० टक्केच पडतात. किकस्टार्टर हे लोकवर्गणीचे संकेतस्थळ म्हणजे मराठी प्रकाशकांना ओळखीची प्रकाशनपूर्व सवलत योजना, मोठ्या प्रमाणावर राबवलेली: पैसे आधी, छपाई नंतर, मधला दलाल नाही. २०२१ मध्ये मॅगपाय गेम्सच्या ‘अवतार लेजंड्स’ला ९५ लाख डॉलर मिळाले, २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसनच्या कादंबऱ्यांवरच्या ‘कॉस्मीअर’ खेळाला दीड कोटीच्या वर. धोकेही तितकेच खरे आहेत. ‘कॉल ऑफ क्थुलू’च्या सातव्या आवृत्तीसाठी केऑसियम या प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक डॉलर जमवले, पण कबूल केलेल्या जादा वस्तू आणि त्यांचा टपालखर्च यांनी संस्था बुडायला आली आणि २०१५ मध्ये कारभार बदलावा लागला. लेखनालाही याची किंमत मोजावी लागते. पैसे देणाऱ्याला पान न उघडता भुरळ पडायला हवी, म्हणून जाड कागद, सोनेरी कडा, पाहुण्या लेखकांची लांबलचक यादी. आणि ४०० पानांचा ग्रंथ, जो टेबलावर उघडा ठेवला की फाशांना जागा उरत नाही.

आज या कलेतले सर्वांत जिवंत काम त्या ग्रंथांच्या दुसऱ्या टोकाला चालले आहे. किकस्टार्टरने २०१९ मध्ये ‘झाइनक्वेस्ट’ हा उपक्रम सुरू केला आणि स्टेपल मारलेल्या चाळीस-पन्नास पानी पुस्तिकांना बाजार मिळाला. ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ या खेळाने खोलीचे वर्णन ठळक शब्दांच्या तुटक ओळींत आणले, सूत्रधाराची नजर एका झटक्यात हवे तिथे जाते. ‘मदरशिप’ या २०१८ च्या अंतराळ-भयखेळाचे पात्रपत्रक आणखी पुढे जाते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यातून बाण निघतात, फासे कधी टाकायचे, आकडा कुठे लिहायचा, कोणते कौशल्य कोणत्या कौशल्याकडे नेते हे त्या बाणांवरून बोट फिरवत गेले की पात्र तयार होते. हे सगळे एका पानावर होते, पुस्तक उघडावेच लागत नाही. त्याच्या काही साहसकथा तिहेरी घडीच्या एका पत्रकावर दोन्ही बाजूंनी छापलेल्या असतात. नियमांची पीडीएफ वाचकाने ठरवलेल्या किमतीला, अगदी फुकटही, मिळत असे. पुढे २०२१ मध्ये त्याच खेळाच्या पेटीसंचासाठी लोकांनी १४ लाख डॉलर दिले. अशा पत्रकाच्या किमतीत लेखक, चित्रकार आणि मुद्रक यांचा वाटा काढल्यावर फारसे उरत नाही, म्हणून यातले बहुतेक कर्ते दुसरी नोकरी सांभाळून लिहितात आणि एखादी पुस्तिका गाजली की तिचाच जाड, पुठ्ठाबांधणीचा संच काढण्याच्या तयारीला लागतात.